कललेली बाभूळ



मोहोळ, मंगळवेढा, बार्शी, आपल्या सोलापूर जिल्ह्यात कुठल्याही शिवारात जा, बांधावर एखादी तरी बाभूळ कललेली दिसतेच. वळवाचा वारा सुटतो किंवा सप्टेंबरच्या पावसाने काळी जमीन मऊ होते, आणि कोवळे झाड एका अंगावर झुकते. पण नीट पाहा. बुंध्याला विळ्यासारखा बाक असला तरी शेंडा पुन्हा आभाळाकडे वळलेला असतो.

हे कसे होते? झाडाच्या काही पेशींत स्टार्चचे जड कण असतात. खोड कलले की ते कण खालच्या अंगाला जाऊन बसतात आणि झाडाला आपला तोल गेल्याचे कळते. मग बाभूळ खोडाच्या वरच्या अंगाला वेगळ्या जातीचे लाकूड धरते. त्याचे तंतू तयार होताना आखडतात आणि कासरा ओढावा तसे खोड वर ओढतात. हिमालयातल्या देवदाराची रीत उलटी. तो खालच्या अंगाला लाकूड वाढवून खोड वर रेटतो. बुंधा जाड झाल्यावर मात्र त्याचा बाक सहसा जात नाही.

हे ध्यानात ठेवायचे कारण असे की, हेच लाकूड पुढे घात करते. साधे लाकूड वाळताना लांबीत फारसे आटत नाही. हे ओढीचे लाकूड आटते. एका अंगाला ते राहिले की फळी वाकते, चौकटीला पीळ पडतो. घरच्या बाभळीची चौकट केली, वर्षाच्या आत दार लागेनासे झाले आणि बोल बिचाऱ्या सुताराला, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. खोड कापल्यावर गाभा मधोमध नसून एका बाजूला सरकलेला दिसला, करवतीखाली लाकडाला लव सुटली, तर ते चौकटीला किंवा वाशाला घेऊ नका. सरपणाला खुशाल वापरा. आणि झाड उभेच असेल तर राहू द्या. सावली आहे, शेळ्यांना शेंगा आहेत.

नवे रोप कलले तर वाफसा आल्यावर सरळ करून बुडाशी माती दाबा. काठीला बांधताना जुन्या लुगड्याची पट्टी आठाच्या आकड्यासारखी सैल फिरवा. रोप थोडे हलले पाहिजे. हलण्यानेच खोड जाड होते. रोपाने जोर धरला की काठी काढून टाका.

ही कामे वेळेवर झाली, तर उद्या तुमच्या मुलांना त्याच बांधावर चौकटीचे सरळ लाकूड मिळेल.