दया नव्हे, हक्क

पोप तेविसावे जॉन यांनी 1963 साली ‘पाचेम इन तेर्रिस’ या परिपत्रकात माणसाचे हक्क सांगितले, तेव्हा अन्न, वस्त्र, निवारा यांच्या पंगतीत वैद्यकीय उपचारही बसवले. चर्चने शतकानुशतके इस्पितळे चालवली, ती दयेपोटी. पण दया करणारा कधीही हात आखडता घेऊ शकतो. हक्काचे तसे नसते. दर रविवारी मिस्सेत आम्ही आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. तिचा विम्याच्या कागदाशीही संबंध आहे, हे मला या परिपत्रकाने शिकवले.

तो कागद अमेरिकेत फार क्रूर होता. स्वतःपुरता विमा घ्यायचा तर आधीचे आजार लिहून द्यावे लागत: मधुमेह, दमा, कधीकाळी झालेला कर्करोग. बहुतेक राज्यांत तेवढ्यावरून कंपनी नकार देऊ शके. तातडीच्या विभागात आलेल्याला तपासणे 1986च्या कायद्याने बंधनकारक होते, हे खरे. पण वेळेवरचे इन्सुलिन आणि जिवावर बेतल्यावरचा उपचार यांच्यामध्ये माणसाचा पाय जातो.

ओबामांच्या 2010च्या कायद्याने हे नकार बंद करायचे ठरवले. सर्वांना उपचार मिळावेत, ही तिथल्या बिशपांची जुनीच मागणी. तरी त्यांच्या परिषदेने विधेयकाला विरोध केला; सरकारी पैसा गर्भपाताकडे वळेल, ही भीती. ती मी हलकी मानत नाही. पोटातल्या बाळाची आणि मधुमेह्याची प्रतिष्ठा मला वेगळी करता येत नाही.

कॅथलिक हेल्थ असोसिएशनच्या तेव्हाच्या प्रमुख सिस्टर कॅरल कीहान मूळच्या नर्स. तसा पैसा वळणार नाही, अशी खात्री पटून त्यांनी पाठिंबा दिला. विधेयक 219 विरुद्ध 212 मतांनी निभावले. सहीच्या लेखण्यांपैकी एक ओबामांनी सिस्टरांना दिली. मला त्यांचेच पटते. शंकेचा फायदा कुणाला द्यायचा, तर दारातून परत पाठवल्या गेलेल्या आजाऱ्याला.

बिशपांचा दुसरा आक्षेप मात्र या गदारोळात कुणी फारसा ऐकलाच नाही, आणि तो शंभर टक्के रास्त होता. कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांना या कायद्याने बाहेरच ठेवले. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात टोमॅटो तोडणाऱ्या बाईने पदरचे पैसे मोजायची तयारी दाखवली, तरी कायद्याने उभारलेल्या नव्या विमाबाजारात तिला विमा विकायला मनाई होती.