पाहुणा

माझा उजवा गुडघा माझा नव्हे. २०१५ साली तो बसवून घेतला, तेव्हापासून मी त्याला पाहुणाच म्हणतो. वर कोबाल्ट-क्रोमची टोपी, खाली टिटॅनियमची बैठक आणि मध्ये प्लॅस्टिकची चकती, एवढाच त्याचा संसार. पण पाहुणा मोठा गुणी! आठ वर्षे त्याने मला पर्वतीच्या पायऱ्या चढवल्या. वाजपेयींनी २००० आणि २००१ साली मुंबईत दोन्ही गुडघे बदलून घेतले होते; त्यामुळे या दुखण्याला आमच्यात थोडी प्रतिष्ठाही होती. खोटे कशाला बोलू?

२०२३ च्या गणपतीत अंगठ्याला नखुरडे झाले. ‘दात, कातडी, कुठेही पू झाला तर लगेच या,’ असे डॉक्टरांनी पूर्वीच बजावले होते. पण नखुरड्यासाठी का कोणी दवाखान्याची पायरी चढते? हळद लावली आणि विसरलो. पितृपक्षात गुडघा सुजला, संध्याकाळी कणकण येऊ लागली. नवरात्र होऊ दे, दसरा होऊ दे, असे करीत मी तो पायजम्याखाली लपवला. वसुबारसेला हिने हाताची पाठ लावून पाहिली. “अहो, यावर भाकरी भाजेल!”

सुईने काढलेले पाणी गढूळ निघाले. नखुरड्यातले जंतू रक्तातून गुडघ्यात पोचले होते. जिवंत हाडात रक्त खेळते. धातूत ते कुठले? जंतू त्यावर पातळ थर धरून बसतात आणि त्या थरात औषध पुरते शिरत नाही. लवकर आलो असतो तर कदाचित आतून धुऊन, नुसती चकती बदलून भागले असते. आता सगळा गुडघाच काढायचा, जागी औषध मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा बसवायचा आणि सहा आठवडे प्रतिजैविके.

“पाय राहील ना?” हिने विचारले. डॉक्टर लगेच बोलले नाहीत. बाहेर लक्ष्मीपूजनाचे फटाके वाजत होते. लग्नाला सत्तेचाळीस वर्षे झाली, पण हिचा हात इतका गार मला कधीच लागला नव्हता.

पाय राहिला. २०२४ च्या फेब्रुवारीत दुसरा पाहुणा आला. हा जरा अबोल आहे, फारसा वाकत नाही. पर्वती सुटली.

आता रोज रात्री ही चष्मा लावून माझी दहाही बोटे तपासते. काल टाचेला भेग दिसली, कडा लाल झालेली. मी म्हणालो, “उद्या बघू.” तिने माझ्याकडे नुसते पाहिले. मी चपला घातल्या.