मोडेमचा उरलेला अर्धा भाग

लिनक्सवर मोडेम चालू झाला की काम संपलं, असं मानायची आपल्या कामात जुनी पद्धत आहे. नंबर फिरतो, पलीकडून शिट्टी येते, संगणकाला आयपी पत्ता मिळतो आणि दुरुस्त करणारा उठतो. ही कसोटी अपुरी आहे, असं माझं म्हणणं आहे. ज्या हार्डवेअरला कंपनीनं लिनक्ससाठी पाठबळ दिलेलं नाही, त्याची खरी परीक्षा पुढच्या कर्नलवर होते. दुरुस्त करणारा गावात नसताना, कंपनीनं ते उत्पादन सोडून दिल्यावर, यंत्रणा एकदा नव्यानं बसवल्यावर ते कार्ड चालेल का? दुरुस्त करणाऱ्याच्या हुशारीचा या उत्तराशी संबंध कमीच असतो. त्या यंत्राविषयीचं किती ज्ञान खुलं आहे आणि जो भाग बंद ठेवला आहे तो नेमका कुठे ठेवला आहे, यावर ते ठरतं. विनमोडेमचा इतिहास हा या विधानाचा मला माहीत असलेला सर्वांत स्वच्छ पुरावा आहे.

आधी त्या वस्तूची रचना पाहू. पूर्ण मोडेममध्ये चार भाग असतात. संगणकाकडून आलेल्या आज्ञा समजून घेणारा कंट्रोलर, आकड्यांचे ध्वनी आणि ध्वनींचे आकडे करणारा सिग्नल प्रोसेसर, डिजिटल आणि अ‍ॅनालॉग यांच्यात रूपांतर करणारा कोडेक, आणि टेलिफोनच्या तारेपासून संगणकाला विजेच्या दृष्टीनं वेगळं ठेवणारा जोडणीचा भाग. १९८१ मध्ये हेज कंपनीच्या स्मार्टमोडेमनं 'एटी'नं सुरू होणाऱ्या आज्ञांची रीत घालून दिली, ती पुढे सगळ्यांनी उचलली. त्यामुळे असा मोडेम सिरियल पोर्टला लावला की कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्याशी बोलू शकते. वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रोसेसर वेगवान झाले आणि उत्पादकांनी खर्च वाचवण्यासाठी यातले भाग कार्डावरून काढायला सुरुवात केली. काहींनी फक्त कंट्रोलर काढला, काहींनी सिग्नल प्रोसेसरही काढला. काढलेलं काम विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये गेलं. ग्राहकाच्या हातात आलेलं कार्ड म्हणजे अर्धा मोडेम होता. उरलेला अर्धा सीडीवर होता, आणि तो एकाच ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेला होता. यूएस रोबोटिक्सनं आपल्या अशा मोडेमना दिलेलं 'विनमोडेम' हे नाव पुढे या सगळ्या जातीलाच चिकटलं.

आपल्याकडे ही कार्डं आली ती इंटरनेटच्या बरोबरच. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते महानगरांत. खाजगी कंपन्यांना १९९८ मध्ये वाट मोकळी झाली. १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगम अस्तित्वात आला आणि 'संचारनेट'मुळे डायल-अप जिल्ह्याजिल्ह्यांत पोचलं. बुलढाणा जिल्ह्याचं त्या काळचं टेलिफोनचं चित्र विखुरलेलं होतं. बुलढाण्याचा एसटीडी कोड ०७२६२, खामगावचा ०७२६३, शेगावचा ०७२६५. इंटरनेटसाठीचा १७२ने सुरू होणारा क्रमांक स्थानिक दरानं लागत असल्यानं या सीमा तेवढ्यापुरत्या पुसल्या जात. पण बिल वेळेच्या हिशेबानं वाढे, आणि सुटा भाग लागला तर घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगावला निदान रेल्वे होती. घाटावरच्या चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजाला तीही नव्हती. शेगावला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, चिखलीलाही पुढे झालं, त्यामुळे लिनक्स शिकू पाहणारी मुलं जिल्ह्यात असणारच होती. पण पुण्या-मुंबईत लिनक्स वापरणाऱ्यांचे गट भरत, एकाला माहीत नसलेलं दुसऱ्याला माहीत असे. तालुक्याच्या गावी मोडेम हाच त्या माहितीकडे जाण्याचा रस्ता होता, आणि बंद पडलेला होता तोच. म्हणून यंत्राबरोबर त्याचं ज्ञान येतं की नाही, हा प्रश्न शहरात सोयीचा असेल, इथे तो यंत्राच्या असण्या-नसण्याचा होता.

या कामातलं पहिलं कौशल्य ओळख पटवण्याचं. खोक्यावरचं नाव इथे जवळजवळ निरुपयोगी असतं, कारण एकाच नावाखाली दोन-तीन वेगळ्या चिप विकल्या जात. पीसीआय यादीतले उत्पादकाचे आणि उपकरणाचे आकडे पाहावे लागतात, आणि तेही पुरत नाहीत. मदरबोर्डावरच्या इंटेलच्या एसी-९७ मोडेमचं उदाहरण घ्या. यादीत फक्त इंटेलचा नियंत्रक दिसतो. पण त्याला जोडलेला कोडेक कोनेक्सन्टचा असू शकतो, स्मार्ट लिंकचा, अगेअरचा किंवा मोटोरोलाचा. कोणता ड्रायव्हर लागेल हे कोडेकवरून ठरतं. मार्विन स्टोडोल्स्की यांनी लिहिलेली 'स्कॅनमोडेम' ही स्क्रिप्ट नेमकं हेच करायची: संगणकाकडून सगळ्या खुणा गोळा करून यातलं काय कोणाचं आहे ते सांगायची. हजारो लोकांनी एकमेकांना कळवलेले चिपचे आकडे हाच तिचा पाया होता. कंपन्यांनी एका पानावर छापली असती तर जी माहिती मिळाली असती, ती स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं वेचून जमवली.

ज्ञान कुठे अडतं याचं एक छोटं पण बोलकं उदाहरण आपल्या डायल टोनचं आहे. भारतातला डायल टोन ४०० हर्ट्‌झचा, २५ हर्ट्‌झनं हेलकावणारा. अमेरिकेतला ३५० आणि ४४० हर्ट्‌झ या दोन सुरांचा मिळून. अमेरिकेच्या मापावर सोडलेला मोडेम आपल्या लाइनवर पुष्कळदा डायल टोनच नाही असं सांगून थांबतो, आणि माणूस लाइनमनची वाट पाहत बसतो. पूर्ण मोडेमला 'एटीएक्स३' ही आज्ञा दिली की तो टोनची वाट न पाहता नंबर फिरवतो. ती आज्ञा सगळ्यांना ठाऊक होती, कारण ती छापलेली होती. देशाचा संकेतही सांगता येतो. आंतरराष्ट्रीय यादीत भारताचा संकेत ५३ आहे. पण सॉफ्टमोडेममध्ये देशांचे तक्ते बंद ड्रायव्हरच्या आत बसलेले. तिथला भारताचा तक्ता चुकीचा असेल किंवा नसेलच, तर तो दुरुस्त करायची सोय नाही. खामगावच्या लाइनविषयी खामगावच्या माणसाला जे माहीत आहे, ते वापरण्याचा हक्कच रचनेनं काढून घेतलेला असतो.

आता मुख्य पुरावा. सॉफ्टमोडेमच्या वेगवेगळ्या घराण्यांना लिनक्सवर वेगवेगळं आयुष्य मिळालं, आणि त्यातला फरक समजून घेण्यासारखा आहे. ल्युसंटच्या चिपसाठी मिळालेला ड्रायव्हर दोन तुकड्यांत होता: आतला गाभा बायनरी, बाहेरचा भाग सोर्स कोडमध्ये. कर्नल २.४च्या काळात त्यानं अनेकांना इंटरनेट दिलं. पण गाभा कर्नलच्या आतच जोडला जात असल्यानं कर्नल बदलला, कंपायलर बदलला की बाहेरचा भाग पुन्हा जुळवून घ्यावा लागे, आणि ३२ बिटांचा तो गाभा ६४ बिटांच्या कर्नलमध्ये बसणं शक्यच नव्हतं. आयबीएमनं आपल्या थिंकपॅडमधल्या एमवेव्ह मोडेमसाठी वेगळा मार्ग घेतला: कर्नलमधला भाग जीपीएल परवान्याखाली पूर्ण खुला, म्हणून तो कर्नलच्या मूळ प्रतीतच सामील झाला आणि अनेक वर्षं तिच्याबरोबर सांभाळला गेला. स्मार्ट लिंकची गोष्ट तर फारच शिकवणारी आहे. तिचा सिग्नल प्रक्रियेचा भाग बंद होता आणि आजही बंद आहे. पण तो कर्नलबाहेर, एका साध्या प्रोग्रॅममध्ये चालत असे, आणि खालची जोडणी एएलएसए या ध्वनियंत्रणेचे खुले ड्रायव्हर करत. म्हणून कर्नल बदलत राहिले तरी तो प्रोग्रॅम टिकला. इतका की अलीकडे काहींनी त्याच बंद गाभ्याला इंटरनेटवरच्या टेलिफोन कॉलशी जोडून, कोणतंही मोडेम कार्ड नसताना, जुन्या मोडेमशी बोलणं साधलं. तिन्ही उदाहरणांत अभियंते हुशार होते, चिप चांगल्या होत्या. आयुष्य ठरवलं ते खुल्या आणि बंद भागांमधली रेघ कुठे ओढली यानं.

कोनेक्सन्टच्या चिपचं उदाहरण याच विधानाची दुसरी बाजू दाखवतं. त्यांचे लिनक्स ड्रायव्हर लिनक्सन्ट ही कंपनी देत असे. फुकट प्रत १४.४ केबीपीएसला अडवलेली, पूर्ण वेगासाठी परवाना विकत घ्यायचा, तोही डॉलरमध्ये. सगळं सुरळीत गेलं तरी त्या वेगानं एक एमबी उतरवायला जवळजवळ दहा मिनिटं लागतात. ४० केबीपीएसची बरी लाइन तेच साडेतीन मिनिटांत करते. २.६ कर्नलचा सोर्स कोड दाबून भरूनही ३० एमबीच्या वर होता, म्हणजे फुकट ड्रायव्हरवर पाच तासांचा टेलिफोन. मिनिटावर पैसे मोजणाऱ्या गावात फुकट या शब्दाचा हा अर्थ होता. २००४ मध्ये उघड झालं की याच ड्रायव्हरनं परवान्याच्या ओळीत 'जीपीएल' या अक्षरांनंतर एक शून्य-चिन्ह घातलं होतं, त्यामुळे कर्नल तिथेच वाचणं थांबवून त्या बंद ड्रायव्हरला खुला समजत असे. कर्नलच्या इशाऱ्यांनी ग्राहक गोंधळतात म्हणून तसं केलं, असं कंपनीचं स्पष्टीकरण होतं. ते खरं मानलं तरी परिणाम वाईटच. कर्नल बंद भागाची नोंद ठेवतो ती बिघाड शोधणाऱ्यासाठी. ती नोंद पुसली की दुसऱ्याच्या कोडमधला दोष शोधण्यात स्वयंसेवकांचे दिवस जातात.

यावरचा पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे: एवढा खटाटोप कशाला, बाहेरून लावायचा सिरियल मोडेम घ्यावा. तांत्रिकदृष्ट्या हा सल्ला अगदी बरोबर आहे, आणि तो माझ्याच बाजूनं बोलतो. सिरियल मोडेम आजच्या लिनक्सवरही चालतो, कारण त्याची भाषा चार दशकांपूर्वी खुली झाली. पण तो आतल्या कार्डापेक्षा महाग होता, आणि संगणकाबरोबर आलेल्या कार्डाचे पैसे ग्राहकानं आधीच मोजलेले होते. दुसरी खरेदी सुचवणं म्हणजे उत्पादकाची बचत ग्राहकाच्या खर्चात टाकणं. दुसरा आक्षेप अभियंत्यांचा: काम सॉफ्टवेअरमध्ये नेणं ही प्रगती आहे, चिप न बदलता नवा व्ही. ९० प्रमाणवेग देता येतो. मलाही ते मान्य आहे. फाब्रिस बेलार्ड यांनी जीपीएल परवान्याखाली सॉफ्टमोडेम लिहायला घेतला होता, तो याच कल्पनेच्या प्रेमातून. ते काम पूर्णत्वाला गेलं नाही, पण प्रमाणं छापलेली आहेत आणि गणित सगळ्यांना शिकता येतं, हे त्यातून दिसलं. अडचण सॉफ्टवेअरची नव्हती. चिपच्या रजिस्टरांची माहिती दडवण्याची होती.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. टेलिफोनचं जाळं सगळ्यांचं आहे; मोडेम किती जोरानं सिग्नल सोडतो हे कोणीही बदलू शकला तर इतरांच्या लाइनवर परिणाम होईल, म्हणून मंजुरी देणाऱ्या यंत्रणा कडक असतात, आणि त्यात पेटंटही येतात. यातला काही भाग खरा आहे. विजेचं संरक्षण कार्डावरच्या जोडणीच्या भागात राहतं, पण सिग्नलची पातळी सॉफ्टवेअर ठरवतं. तेव्हा काही गाभा बंद ठेवायला कारण असू शकतं, हे मी नाकारत नाही. पण त्यासाठी पूर्ण ड्रायव्हर बंद करण्याची गरज नसते. गाभा उपकरणाच्या फर्मवेअरमध्ये ठेवा किंवा कर्नलबाहेरच्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये, आणि त्याच्याशी बोलायची रीत छापा. एमवेव्ह आणि स्मार्ट लिंक यांनी हे जमतं हे दाखवलं आहे. सुरक्षिततेची गरज आणि ग्राहकाचा हक्क एकाच रचनेत बसतात.

डायल-अप संपलं, मग हे आता कशाला, असंही विचारलं जाईल. तंत्र संपलं, रचना संपलेली नाही. वाय-फाय कार्ड, प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारी यंत्रं यांत तोच अर्धा भाग आजही दूर कुठेतरी राहतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चं पाठबळ थांबलं. चांगले चालणारे असंख्य संगणक विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. शाळांतल्या आणि ग्रामपंचायतींतल्या अशा यंत्रांना लिनक्स हाच टिकाऊ मार्ग आहे, आणि तो खुला राहील की नाही हे त्यांतल्या लहान चिपांच्या ड्रायव्हरवर ठरेल. भारत सरकारनं २०१० मध्ये खुल्या प्रमाणांचं आणि २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या वापराचं धोरण जाहीर केलं. ती दोन्ही आवश्यक होती. हार्डवेअरच्या खरेदीत त्यांचा अर्थ उतरवणं बाकी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी निविदा निघते तेव्हा तीत एक अट असावी: प्रत्येक उपकरणाचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलच्या मूळ प्रतीत आहे, किंवा त्याच्याशी बोलायची रीत जाहीर आहे, याचा लेखी पुरावा पुरवठादारानं द्यावा. या अटीनं किंमत फारशी बदलणार नाही, कारण अशी उपकरणं बाजारात भरपूर आहेत. बदलेल ती निवड. आणि दुरुस्ती करणाऱ्यांनीही आपली कसोटी बदलावी. काम सोपवताना चिप कोणती, ड्रायव्हर कुठला, बंद भाग कुठे बसला आहे, एवढं लिहून यंत्राबरोबर ठेवावं. पुढच्या कर्नलवर काम करणाऱ्या अनोळखी माणसाला जे उपयोगी पडतं, तेवढीच दुरुस्ती झाली असं मानावं.