थरथर थांबेपर्यंत

आषाढातल्या धुक्यात हरिश्चंद्रगडाच्या पठारावर वाट चुकले, त्याला आठवडा झाला. आज बाबांचं होकायंत्र पुन्हा हातात घेतलं आहे.

खाली पारदर्शक पट्टी, तिच्यावर जायची दिशा सांगणारा बाण. वर ३६० अंशांची फिरती तबकडी, तिच्या तळाशी समांतर रेषा आणि एक पोकळ बाण. आत द्रवात तरंगणारी सुई, लाल टोक उत्तरेकडे. पट्टीची कड नकाशावर आपल्या जागेपासून मुक्कामापर्यंत टेकवायची. तबकडी फिरवून तिच्या रेषा नकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषांशी जुळवायच्या. मग होकायंत्र छातीशी सपाट धरून, लाल टोक पोकळ बाणात येईपर्यंत आपण वळायचं.

आपण वळायचं. लहानपणी मी सुईच वळावी म्हणून पट्टी हलवत राहायचे. बाबा काही न बोलता माझे खांदे धरून मला फिरवायचे.

सुईची उत्तर आणि नकाशाची उत्तर तंतोतंत एक नसते. आपल्याकडे तो फरक जेमतेम अंशभर, जगात काही ठिकाणी बराच मोठा. जवळ लोखंड असलं तरी सुई ढळते.

त्या दिवशी धुक्यात ती बराच वेळ थरथरत होती. की माझा हात? द्रव हळूहळू तिला शांत करत गेला आणि मी श्वास रोखून पाहत राहिले. खांद्यांवर कुणाचे तरी हात असल्यासारखं वाटलं.

मग मी वळले.