बोर्ड बघा, पण गाडीवरून उतरून!

सोलापुरात शॉपिंग म्हटलं की गाडी आपोआप नवी पेठेकडे वळते. साड्या, रेडीमेड, चपला, मोबाइलची कव्हरं... सगळं एकाच गर्दीत. घासाघीस ऐकावी तर मराठीत, कन्नडमध्ये आणि तेलुगूतही! दिवाळीच्या आधी किंवा जानेवारीत गड्ड्याच्या दिवसांत आलात, तर पाय ठेवायला जागा मिळत नाही.

आणि या गर्दीवर उजेडाचा मारा! इथे ‘डिजिटल’ म्हटलं की आधी आठवतो वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स. आता त्याच्या जोडीला पळती अक्षरं आणि एलईडी स्क्रीन आल्यात. फ्लेक्स एका नजरेत संपतो, स्क्रीन मात्र संपतच नाही. एक जाहिरात गेली की दुसरी हजर! हलणाऱ्या उजेडाकडे डोळे आपसूक वळतातच.

पार्क चौकाच्या बाजूने मी पायीच आत शिरले, तेव्हा हे जास्त जाणवलं. बाइकवाल्यांच्या माना वर आणि आपण त्यांच्या चाकासमोर!

‘एवढ्या गर्दीत स्पीड कुठला?’ असं कुणीही म्हणेल. करा हिशेब. ताशी २० किलोमीटरने दोन सेकंदांत गाडी ११ मीटर पुढे जाते. तेवढ्यात कुणाची अ‍ॅक्टिव्हा मागे येते, कुणाचं पोर आईचा हात सोडतं. अमेरिकेत व्हर्जिनिया टेकने १०० मोटारींवर कॅमेरे लावून अभ्यास केला होता. २००६ च्या त्या अहवालानुसार, दोन सेकंदांहून जास्त वेळ नजर रस्त्यावरून हटली, की अपघाताचा किंवा थोडक्यात वाचण्याच्या प्रसंगाचा धोका किमान दुप्पट होतो.

१३ मे २०२४ ला घाटकोपरचं होर्डिंग कोसळून १७ जण गेले. तेव्हापासून होर्डिंग म्हटलं की चर्चा होते सांगाड्याच्या मजबुतीची. पण जागच्या जागी भक्कम उभं असलेलं होर्डिंगही घात करू शकतं, त्याचं काय? कायद्याला हे ठाऊक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११६ नुसार, चालकाचं लक्ष विचलित करणारी जाहिरात हटवण्याचे अधिकार पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला देता येतात.

दुकानदाराला बोर्ड हवाच, धंदा आहे त्याचा. पण वळणावर, सिग्नलजवळ तरी स्क्रीन नको आणि रात्री उजेड कमी हवा, एवढं मागायला काय हरकत आहे?

तोवर गाडी जरा लांब लावा, पायी फिरा आणि सेलचे बोर्ड मनसोक्त वाचा. नवी पेठ तशीही चालतच बघायची जागा आहे.