दमणगंगेवरील पुण्याची होडी

सिल्वासाहून खानवेलला जावे आणि तेथून डोंगरांच्या कुशीतील वळणावळणाच्या वाटेने पुढे निघावे, म्हणजे रानाच्या फटींतून एकाएकी पाणी चमकू लागते. हेच दुधनी. मधुबन धरणाने अडविलेल्या दमणगंगेचा हा विस्तीर्ण जलाशय. टेकड्यांचे माथे त्यात बेटांसारखे उभे आहेत आणि काठाशी छत घातलेले, गाद्या अंथरलेले शिकारे पर्यटकांची वाट पाहत असतात. हौशी मंडळी या स्थळाची तुलना काश्मीरशी करतात. आम्हांस मात्र येथे काश्मीर न आठवता नाशिक आठवले.

त्याला कारण आहे. दमणगंगेचा उगम नाशिक जिल्ह्यातील सह्याद्रीत आहे. आणि त्याच जिल्ह्यातील पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, या नदीचे नाव कोरलेले आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा तो प्राकृत शिलालेख सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. आपल्या दानधर्माची यादीच त्याने तेथे दिली आहे. गोदाने, धर्मशाळा, विहिरी, तळी यांच्या जोडीने त्यात सहा नद्यांची नावे येतात. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने होड्या ठेवून उतारूंना फुकट पैलतीरी नेण्याची सोय केली, आणि दोन्ही काठांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया उभारल्या. यांतील 'दमण' म्हणजेच आपली दमणगंगा, असे विद्वान मानतात. उषवदाताने ब्राह्मणांनाही दाने दिली आणि बौद्ध भिक्षूंसाठी लेणेही खोदविले. परंतु होडी कोणासाठी होती? जो कोणी काठाशी येईल त्याच्यासाठी. त्या फुकट उताऱ्याला लेखात 'पुण्य' हाच शब्द जोडलेला आहे.

या पुण्याचे फळ मरणोत्तर कसे मिळते, याविषयी बौद्ध वाङ्मयात मोठ्या रम्य कल्पना आहेत. पाली भाषेतील 'विमानवत्थु' या ग्रंथात देवलोकातील प्रासादांची वर्णने आहेत. त्यांतील एक देवता सोन्याच्या छताच्या नावेत उभी राहून कमळांच्या सरोवरात विहार करते आणि हाताने कमळे खुडते. हे वैभव तिला कशाने लाभले? पूर्वी मनुष्यजन्मी तिने थकल्याभागल्या, तहानेल्या भिक्षूंना पाणी पाजले होते, एवढ्यानेच! दुधनीचे छतवाले शिकारे पाहताना ती नाव आमच्या डोळ्यांसमोर आली नसती तरच नवल.

शिक्षेच्या कल्पना तितक्याच भयंकर आहेत. 'देवदूत सुत्ता'त पापी मनुष्याला यमापुढे उभे करतात. तान्हे मूल, वृद्ध, रोगी, राजदंड भोगणारा अपराधी आणि प्रेत, हे पाच देवदूत तुला दिसले नव्हते काय, असे यम त्यास विचारतो. ते पाहूनही शहाणपण का सुचले नाही, एवढाच त्याचा प्रश्न. मग तो सांगतो की हे पाप तुझ्या आईने वा बापाने, भावाने वा मित्राने केलेले नाही. तुझे तूच केले आहेस, तेव्हा भोगणेही तुलाच आहे. यानंतर यम गप्प बसतो. पुढे तापलेल्या लोखंडाच्या यातना आहेत; परंतु बौद्धांचा नरक अनंतकाळचा नाही. पापाचा साठा संपला की त्यातून सुटका आहे.

आम्ही शिकाऱ्यात बसून निघालो, तेव्हा नावाड्याने वल्ह्याने एका बाजूस खूण करून सांगितले की आज्याचे शेत तिकडे, या पाण्याखाली आहे. आमच्या शेजारचे एक वयस्क गृहस्थ हळहळून म्हणाले, "चालायचंच! ज्याचे त्याचे पूर्वजन्मीचे भोग!" नावाडी काही बोलला नाही, वल्हे मारीत राहिला.

हे वाक्य आपल्या घरांत किती सहज उच्चारले जाते! त्यात दुष्टावा नसतो. परंतु यमाचा प्रश्न आणि हे वाक्य यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. यम ज्याचे कृत्य त्यालाच विचारतो. आपण मात्र दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून त्याच्या न पाहिलेल्या जन्माचा निवाडा करतो. स्वतः बुद्धांना हा निवाडा मान्य नव्हता. माणसाला जे जे सुखदुःख होते ते सर्व पूर्वकर्मामुळेच, या मताविषयी मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने त्यांना विचारले. तेव्हा पित्त, कफ, वात, या तिहींचा एकत्र प्रकोप, ऋतुपालट, विषम राहणी आणि बाहेरचा आघात अशी सात कारणे सांगून आठवे म्हणून त्यांनी कर्मविपाक सांगितला. धरणाचे पाणी कोणत्या सदरात पडते, हे ठरविण्यास पांडित्याची गरज नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली व अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत श्राद्ध व पिंडदान न करण्याचीही एक प्रतिज्ञा आहे. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात कर्माचा नियम त्यांनी जगाची नैतिक व्यवस्था म्हणून स्वीकारला. पण दारिद्र्य व हीन जन्म हे गतजन्मीच्या पापाचे फळ, ही शिकवण मात्र त्यांनी साफ नाकारली. तसे मानले तर समाज आणि राज्य दोघेही जबाबदारीतून मोकळे होतात, हा त्यांचा मुद्दा. परंपरागत बौद्ध पंडितांना त्यांचे सगळेच विवेचन पटत नाही. तथापि ज्यांच्या कित्येक पिढ्यांना 'भोग' म्हणून गप्प बसविण्यात आले, त्यांना या एका विचाराने ताठ मानेने उभे केले, हे कोण नाकारील?

स्वर्ग आहे की नाही, नरक किती खोल आहे, याचा निर्णय आम्ही करू शकत नाही. उषवदाताला सोन्याची नाव मिळाली की नाही, तेही ठाऊक नाही. परंतु दमणेच्या काठी कोणी अडून उभा राहिला, तर त्याचे पूर्वकर्म न विचारता त्याला पलीकडे पोहोचवावे, एवढे त्याला कळले होते. दुधनीच्या पाण्यावरून जाणाऱ्याने एवढे जरी बरोबर नेले, तरी त्याची सहल पुण्याची झाली असे आम्ही समजू.