आधी वायर पाहा

खामगाव काय, नांदुरा काय, मलकापूर काय, 2001 साली एमएस-सीआयटी सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत आमच्यासारख्या नोकरदारांच्या घरी कॉम्प्युटरचं टेबल आलं. हळदकुंकू लागलं, वर क्रोशाचं झाकण आलं. तो बंद पडला की आजी विचारायची, "काहून थांबलं रे बाप्पा?" आणि बाबा म्हणायचे, "आधी वायर पाहा."

आम्ही वायर पाहायचो. निम्म्या वेळा तीच सैल निघायची.

उरलेल्या निम्म्यासाठी वही होती. किराण्याच्या हिशेबाच्या वहीची मागची पानं. काय बिघडलं, काय केलं, काय झालं. माउस अडकतो: गोळी काढून आतल्या चाकांवरचा मळ नखानं खरवडला. पंखा घरघरतो: सायकलच्या पंपानं धूळ उडवली. तारीख सारखी मागं जाते, बँकेचं पान उघडत नाही: बोर्डावरचा नाण्याएवढा सेल बदलला.

आणि खोडरबर! पडदा काळा, आतून नुसतं पीं-पीं. मग बटण बंद, वायर काढलेली, डब्याच्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवलेली. रॅमची पट्टी दोन बोटांनी अलगद उपसायची आणि तिच्या सोनेरी दातांवर दप्तरातलं खोडरबर हलक्या हातानं फिरवायचं. काळपट थर जायचा, दात लखलखायचे. भुगा फुंकायचा नाही, थुंकीचा ओलावा लागतो, पुसायचा. पट्टी परत दाबली की दोन्ही टोकांना 'टक्' वाजायचं. तो 'टक्' ऐकायला अख्खं घर टेबलाभोवती गोळा व्हायचं.

नेट तेव्हा फोनच्या तारेतून यायचं. मोडेम आधी किंचाळायचा, मग घोगरायचा, मग जोडला जायचा. तेवढ्यात माजघरात कुणी रिसीव्हर उचलला की सगळं मुसळ केरात. आत्याचा फोन यायचा असला की नेट लावायचं नाही, हा घरचा कायदा. पुढं ब्रॉडबँड आलं, 256 केबीपीएसचं, आणि आम्हाला ते वाऱ्यासारखं वाटलं. तेव्हा स्प्लिटर नावाची चिमुकली डबी घरात आली: एक तार फोनला, एक मोडेमला. ती डबी सोडून दुसरा फोन जोडला की बोलण्यात खरखर आणि नेटची ये-जा. हेही वहीत गेलं.

वळवाचं आभाळ भरून आलं की आई गच्चीवरच्या कुरड्या गोळा करायला धावायची आणि आम्ही मोडेमची पिन काढायला. वीज तारेतून घरात शिरते, हे गल्लीतले दोन मोडेम जळाल्यावर सगळ्यांना पाठ झालं होतं.

मग वाय-फाय आलं, आणि बाबांचा नियमच अडला. पाहायला वायर कुठाय? होळीनंतर मागच्या खोलीतलं नेट जायचं, पाऊस लागला की परत यायचं. आमच्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो. आम्ही दोन उन्हाळे उन्हालाच दोष दिला. राऊटर बंद करून तीस आकडे मोजले. चॅनेल 1, 6, 11 करून पाहिलं. तिसऱ्या उन्हाळ्यात बाबा राऊटरपाशी उभे राहिले आणि मागच्या खोलीच्या दिशेनं नुसते बघत राहिले. मधोमध कूलर! पत्र्याची पेटी, पोटात पाणी, तिन्ही बाजूंना भिजलेला वाळा. पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या पिऊन टाकतं. दिसत नसलेली वायर बाबांनी अशी डोळ्यांनी पाहिली.

आता काही अडलं की नवीनच घेतात, आणि ते सोपंही आहे. पण बिघाडापाशी थोडा वेळ बसायचं, त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं, ही सवय आम्हाला त्या टेबलानं लावली. ती अजून कामी येते, माणसांच्या बाबतीतही.

वही अजून माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. शेवटची नोंद बाबांच्या अक्षरात: "राऊटर फळीवर ठेवला. कूलर जागेवर. नेट चालू. आई झोपली."